आबांना हवा होता तो बेस

मी एक जुना टेप आहे. टेप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कॅसेट आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. माझ्या पोटात कॅसेट कधीच गेलेली नाही. मी मोटारीच्या डॅशबोर्डात बसतो. माझ्यावर रेडिओ लागतो, पेन ड्राइव्ह लागतो, ब्लूटूथवरून फोनसुद्धा घेता येतो. कंपनीच्या पुस्तकात माझं नाव चांगलं लांबलचक आणि इंग्रजी होतं. पण मित्रांनो, आपल्या सातारा-सांगलीकडे गाडीत जे वाजतं त्याला टेपच म्हणतात. पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. आता सवय झाली आहे. घरात एखाद्याला बाळ्या म्हणतात आणि मिशा पिकल्या तरी तो बाळ्याच राहतो, तसं माझं झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पाठीत वायरी खोचल्या, सगळी बटणं दाबून पाहिली आणि मान हलवून मला पुढे सरकवलं. मग एका पांढऱ्या छोट्या गाडीत माझी नेमणूक झाली. गाडीच्या चार दारांत चार स्पीकर बसवले. ते माझे सोबती. लोकांना वाटतं, आवाज टेपचा असतो. खरं म्हणजे बोलणारा मी आणि तोंड त्यांचं, अशी आमची वाटणी आहे. हे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीवरून माझ्यावर बालंट येणार आहे.

माझ्या पहिल्या मालकीणबाई सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या. राजनंदिनी मॅडम त्यांचं नाव. त्या शिरवळच्या एका कंपनीत कामाला होत्या आणि सुट्टीच्या दिवशी साताऱ्याला माहेरी जायच्या. परत येताना खंबाटकीचा बोगदा लागला की माझा रेडिओ जायचा. मग मॅडम काय करायच्या माहीत आहे? उरलेलं गाणं स्वतःच मोठ्यानं म्हणायच्या. बोगद्याबाहेर आल्यावर मी गाणं परत पकडायचो, तेव्हा बहुतेक वेळा त्या एखाद्या ओळीनं पुढे गेलेल्या असायच्या. मैत्रिणींना सांगायच्या, “गाडीपेक्षा मला हिचा टेप आवडतो.” अशी शाबासकी मला नंतर बरीच वर्षं मिळाली नाही. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली. तिच्यात पाटीएवढी स्क्रीन होती म्हणे. मला विकताना त्यांनी माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मला घेतलं आटपाडीच्या रविराजनं. रविराज मुळात मेंढपाळाच्या घरातला, पण तो केरळात त्रिशूरला गलाईच्या दुकानात असतो. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं ते काम. आपल्याकडची कितीतरी माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. गाडी घरी राहिली आणि ती चालवू लागली त्याची मुलगी स्वप्नाली. ती आटपाडीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. घरी तिचे आजोबा हरिबा आणि आजी हरणाबाई. हरिबांना सगळे आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो.

आबांचे कान गेलेले होते. अगदी कानाशी तोंड नेऊन दोन-चार शब्द मोठ्यानं बोललं तर कळायचं, त्यापुढचं नाही. एका शिबिरात त्यांना कानात घालायचं मशीन मिळालं होतं. पण ते शिट्टी मारतं म्हणून आबा ते बंडीच्या खिशात ठेवत. “आमचं म्हातारं कान खिशात घालून हिंडतंय,” असं हरणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आबांनी यावर एक सोपा तोडगा काढला होता. कुणी काहीही म्हटलं की ते म्हणायचे, “व्हय.” जेवलात का? व्हय. पाऊस पडेल का? व्हय. एखादा पाहुणा चुकून म्हणाला असता, तुम्ही माझे पैसे देणं लागता, तरी आबा हसून व्हय म्हणाले असते. त्यामुळे घरात त्यांच्या ‘व्हय’ला कुणी फारसं मोजत नसे.

एके दिवशी स्वप्नाली आबांना डोळे दाखवायला विट्याला घेऊन निघाली होती. काचा बंद होत्या. तिचा फोन माझ्याशी जोडलेला होता आणि नेमका रविराजचा फोन आला. मी तो घेतला. आबांच्या गुडघ्याशेजारच्या स्पीकरमधून रविराज म्हणाला, “आबा, डोळं दाखवायला निगालासा व्हय?”

आबा दचकले. त्यांनी डॅशबोर्डाकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. “आरं रवी, कुटं हायस तू? डिकीत बसलायस काय?”

स्वप्नालीनं गाडी बाजूला घेतली, कारण तिला हसू आणि रडू एकदमच आलं होतं. घरात टीव्ही, भांडी, कोंबड्या, माणसं यांच्या गलक्यात आबांना जे ऐकू येत नव्हतं, ते बंद काचांच्या गाडीत, स्पीकर जवळ असल्यामुळे नीट कळत होतं. त्या दिवशी बापलेक विट्यापर्यंत बोलत राहिले.

मग रिवाजच पडला. दर सोमवारी संध्याकाळी आबा फेटा बांधून दारातल्या लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीत येऊन बसायचे. रस्त्यानं जाणारा कुणी विचारायचा, “कुटं निगाला, आबा?” आबा म्हणायचे, “कुटं न्हाई. बोलायला बसलोय.” घरातलं ‘व्हय’ वेगळं आणि गाडीतलं ‘व्हय’ वेगळं, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. गाडीत आबा जे म्हणतील ते ऐकूनच म्हणतात, असा सगळ्यांचा विश्वास बसला. मित्रांनो, तो विश्वास माझ्यामुळे बसला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

पण आटपाडीचं ऊन कुणाला सोडतं? दारातल्या स्पीकरचे पडदे कागदाचे. ते तापून तापून कडक झाले आणि एका उन्हाळ्यात पुढच्या दोन्ही स्पीकरचे पडदे चिरले. मी नीट बोलायचो, बाहेर पडायची ती नुसती खरखर. शब्दांची पार लक्तरं व्हायची. ज्याचे कान चांगले, तो त्यातूनही अर्थ लावायचा. आबांना मात्र काहीच लागेना. ते पुन्हा हसून व्हय म्हणू लागले. आपल्याला कळतं तसं त्यांनाही कळत असेल, असंच सगळे धरून चालले. आणि घरातले काय म्हणू लागले? “टेप गेला.” मी गेलो नव्हतो! मी जागच्या जागी धडधाकट बसलो होतो. पण सांगणार कसं? स्वतःचं असं एक वाक्य मला कधी बोलता आलेलं नाही.

अशातच तो सोमवार आला. आबा पुढे बसले होते, हरणाबाई मागच्या सीटवर. स्वप्नाली फोन गाडीत ठेवून घरात कामाला गेली होती. रविराज इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “आबा, तुमचं वय झालं. बिराप्पा एकटा किती बगणार? येत्या शनवारी येपारी टेम्पो घिऊन येतो म्हणतुया. समदी मेंढरं दिऊन टाकू का?”

बिराप्पा म्हणजे आबांचा पुतण्या. आबांची मेंढरं घेऊन तो त्या वेळी इस्लामपूरकडे ऊस तुटलेल्या रानांत होता. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, त्यासाठी.

मी ते वाक्य जसंच्या तसं पुढे पाठवलं. दारातून बाहेर पडलं ते असं: “आबा खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र का?”

“व्हय,” आबा म्हणाले.

“नक्की का, आबा?”

“व्हय, व्हय. जिवाला जप.”

त्रिशूरला फोन ठेवला गेला. मागे हरणाबाई पदर तोंडाला लावून बसल्या. ज्या मेंढरांमागे या माणसानं उभा जन्म घातला, ती द्यायला तो एका शब्दात तयार झाला, हे त्यांना खरंच वाटेना. पण गाडीत व्हय म्हणाले, म्हणजे ऐकूनच म्हणाले असणार. दुसऱ्या दिवशी स्वप्नालीला त्यांनी गाडीतच सगळं सांगितलं आणि बजावलं, “त्यांच्यापशी इषय काडू नगंस. जिवावर दगूड ठिवून व्हय म्हणल्याती.” झालं! घरातली सगळी माणसं आबांना जपू लागली आणि जपायचं म्हणून गप्प राहू लागली. शनिवार जवळ येत होता. ज्याची मेंढरं जाणार होती, त्या एकट्यालाच ते माहीत नव्हतं. आणि हे माहीत होतं फक्त मला. इतका असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

शुक्रवारी स्वप्नालीनं रजा काढली. बिराप्पाला पीठ पोचवायचं निमित्त काढून ती आजी-आजोबांना घेऊन इस्लामपूरला निघाली. आबांनी मेंढरांना शेवटचं भेटावं, असं तिच्या मनात होतं. आणखीही एक होतं. मेंढरं गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला निदान बोलण्याचा तरी विरंगुळा राहावा, म्हणून खिशाला झेपेल एवढ्यात गाडीचा आवाज तिला सुधारून घ्यायचा होता. म्हणजे माझी वेळ भरली होती.

इस्लामपूरच्या रस्त्यावरच्या दुकानात आम्ही थांबलो. वीरधवल नावाचा हसतमुख मालक बाहेर आला. स्वप्नाली म्हणाली, “आबांसाठी करायचंय. जास्त खर्च न्हाई जमणार.” वीरधवलनं खिडकीतून आत वाकून आबांच्या कानाशी विचारलं, “आबा, आवाज कसा पायजे?”

“बेस पायजे बग,” आबा म्हणाले. “लय बेस.”

“लय बेस?” वीरधवलचे डोळे चमकले. “आबा तर आमच्या पोरांच्या वरताण हौशी निगालं!”

स्वप्नालीला क्षणभर नवल वाटलं. मग तिच्या मनात आलं, आबांनी जन्मभर धनगरी गजीनाचात ढोलावर फेर धरला, त्यांना ढोलाचा दणका हवा असेल. झालं, ठरलं. माझ्या पाठीतून दोन वायरी ओढल्या गेल्या आणि डिकीत एक भलीमोठी काळी वूफरची पेटी येऊन बसली. पिठाचं पोतं डिकीतून उठून हरणाबाईंच्या शेजारी आलं. सगळे पैसे पेटीत गेले, म्हणून मी वाचलो. पण दारातले फाटके स्पीकर तसेच राहिले होते, म्हणून मला आनंद होईना.

रानात पोचलो तेव्हा दुपार होती. मेंढरं उसाच्या बांधाला सावलीत बसली होती. कोकरं जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघरीत होती. आबांना खूश करावं म्हणून स्वप्नालीनं गाडीची दारं उघडली आणि गजीचा ढोल लावला. मित्रांनो, पुढचं काय सांगू! पेटीनं असा दणका दिला की मागची नंबरप्लेट थडथडू लागली. मेंढरांना वाटलं, आभाळच पडलं. कळप उठला आणि धूळ उडवत शेजाऱ्याच्या उभ्या उसाकडे सुटला. कुत्री भुंकू लागली. बिराप्पा डोक्यावरचं मुंडासं सावरत धावत आला. “आगं बंद कर त्ये! समदा कळप उसात घालतीस का काय!”

आबा गाडीतून उतरले, दोन पावलं पुढे झाले आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी आपली ठेवणीतली हाळी दिली. पळणारा कळप थबकला. पुढची मेंढी वळली, तिच्या मागं सगळी वळली आणि येऊन आबांच्या पायांशी घोटाळू लागली. माझ्या एवढ्या मोठ्या पेटीचं जे ऐकलं नाही, ते त्यांनी म्हाताऱ्याच्या घशाचं ऐकलं.

स्वप्नालीनं आबांच्या कानाशी तोंड नेलं. “आबा, तुमीच म्हणला न्हवं, लय बेस पायजे?”

“व्हय की. बेस म्हंजी बेस! चांगला, नीट! पोराचं बोलणं कळंल आसा. ह्यो काय बेस हाय व्हय?”

स्वप्नालीनं कपाळावर हात मारला. दुकानदाराचा बेस म्हणजे ढोलाचा दणका आणि आबांचा बेस म्हणजे आपल्या घरातला साधा ‘चांगला’. ती आणि बिराप्पा पोट धरून हसले. हरणाबाई पिठाच्या पोत्याला टेकून हसल्या. आबांना काय चाललंय ते कळलं नाही, तरी तेही हसले.

हसता हसता आबांनी एका गाभण मेंढीच्या पोटावरून हात फिरवला आणि बिराप्पाला म्हणाले, “ही आखाडात ईल बग. आन् त्या काळ्या कोकरीला इकू नगंस हां. दसऱ्यापातूर बग कशी हुतीया.”

सगळ्यांचं हसू एकदम थांबलं. उद्या ज्याची मेंढरं टेम्पोत चढणार, तो माणूस आखाडाचं आणि दसऱ्याचं बोलत होता. स्वप्नालीनं आजीकडे पाहिलं, आजीनं बिराप्पाकडे. “आबांना ठावंच न्हाई,” स्वप्नाली हळूच म्हणाली. मला सुटल्यासारखं झालं. कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं!

हरणाबाई म्हणाल्या, “मी वरडून सांगू का कानात?” स्वप्नालीनं मान हलवली. “नगं, आज्जी. चार शब्दांत वरडून सांगायची ही गोष्ट न्हाई. ज्येनं इचारलं त्येनंच परत इचारू दे. आन् आबांना पुरं ऐकू येऊ दे.” आणि तिनं गाडी पुन्हा दुकानाकडे वळवली.

वीरधवलला सगळा प्रकार कळला तेव्हा तो स्टुलावर बसून हसला. “आईच्या पिठल्याला मीबी रोज बेस म्हणतो की! दुकानात आलो की इसरतो.” त्यानं कुरकुर न करता पेटी परत घेतली. मग त्याची नजर माझ्यावर पडली. “ताई, ह्यो जुना टेपच काडू. मोठी स्क्रीन टाकू.”

मला घाम फुटला असता, फुटत असता तर. स्वप्नाली म्हणाली, “आधी नेमकं काय फाटलंय त्ये बगा. मग काय त्ये काडा.”

वीरधवलनं फळीवरचा एक स्पीकर घेतला, माझ्या वायरीला जोडला आणि रेडिओ लावला. आवाज स्वच्छ, खणखणीत आला. “टेपला काय धाड भरलीया?” तो म्हणाला. “टेप एक नंबर हाय. दारातलं स्पीकर गेल्यात.” मित्रांनो, राजनंदिनी मॅडमनंतर इतक्या वर्षांनी माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं. कोर्टातून निर्दोष सुटलेल्या माणसाला कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या दोन्ही दारांची अस्तरं निघाली. माझे जुने सोबती बाहेर आले तेव्हा त्यांच्या पडद्यांच्या चिंध्या झालेल्या होत्या. मला वाईट वाटलं. त्यांनी खूप सोसलं होतं. त्यांच्या जागी दोन साधे, पण चांगले स्पीकर बसले. दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून काळं रबर चिकटवलं. मागच्या स्पीकरना हातही लावला नाही. ते सगळं मिळून पेटीपेक्षा स्वस्तात पडलं. शेवटी वीरधवलनं माझं बटण फिरवून दणका कमी केला आणि माणसाच्या बोलण्याचा आवाज वर घेतला.

दिवस मावळायच्या आत आम्ही रानात परतलो. गाडी बांधाला लावली. समोर मेंढरं बसली होती. काचा वर झाल्या आणि वाटेतच सगळं सांगून ठेवलेल्या वडिलांना स्वप्नालीनं पुन्हा फोन लावला.

“आबा, ऐकू येतंय का?”

आबा ताठ बसले. “आरं रवी! सर्दी झालीया व्हय तुला?”

रविराजला खरोखरच सर्दी झाली होती. बापाला लेकाची सर्दीसुद्धा ऐकू आली, तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

रविराज म्हणाला, “आबा, उद्या येपारी याचाय. समदी मेंढरं त्येला द्याची म्हणतोय. सोमवारी तुमी व्हय म्हणला. पर स्वप्ना म्हणती, परत इचारा. म्हणून इचारतो. द्याची का?”

आबा काचेतून समोर बघत राहिले. मेंढरांकडून त्यांची नजर हरणाबाईंकडे गेली, मग माझ्याकडे आली.

“न्हाई,” आबा म्हणाले.

“काय म्हणला?”

“न्हाई म्हणलो. सोमवारी मला नुसती खरखर आली रं. मी समद्यालाच व्हय म्हणतो, लेका. दुसऱ्यांदा सांगायचं म्हणलं की मानसं कावत्यात. मग व्हय म्हणून टाकलं की झालं.”

मागे हरणाबाईंना रडू फुटलं. “आन् मी तुमास्नी लागंल म्हणून गप ऱ्हायले!”

तिकडे रविराजनं नाक शिंकरलं. मग म्हणाला, “आबा, तुमाला वझं झालं आसंल, म्हणून इकाय काडली हुती. तुमी व्हय म्हणला तवा मलाच कसंतरी झालं. म्हणलं, आता सुट्टीला यिऊन मी कुणाच्या मागनं हिंडायचं?”

“दमलो तर सांगीन की मी. कान गेल्यात माजं, तोंड हाय अजून.”

“मग येपाऱ्याला काय सांगू?”

“सांग, म्हातारा न्हाई म्हणला.”

रविराज हसला. सर्दीनं भरलेलं, मोकळं हसू होतं ते. मी ते एक कणही न गाळता आबांपर्यंत पोचवलं.

आता सगळं निवांत आहे. मेंढी आखाडात व्याली, आबा म्हणाले होते तशी. सोमवारची बैठक चालू आहे. आबांना तर ‘न्हाई’ म्हणायची चटकच लागली आहे. परवा हरणाबाईंनी विचारलं, “च्या घेणार का?” आबा म्हणाले, “न्हाई,” आणि मग दोन कप प्यायले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. गाडीचा आवाज बिघडला तर आधी काय फाटलंय ते बघा, मग काय ते बदला. जुन्या टेपला उगाच डॅशबोर्डातून उपटू नका. आणि घरात कमी ऐकू येणारं एखादं माणूस असेल, तर त्याच्या ‘व्हय’वर पुढे जाऊ नका. न कावता एकदा जवळ बसा आणि पुन्हा विचारा.

कालच्या सोमवारी बोलणं झाल्यावर आबांनी माझ्यावरची धूळ फेट्याच्या शेवटानं पुसली आणि म्हणाले, “लय बेस!”

स्वप्नाली शेजारीच बसली होती. तिनं माझ्या बटणाला हातसुद्धा लावला नाही.